घराची किल्ली पहिल्यांदा दुसऱ्याच्या हाती देताना

इफ्तारनंतर अंगणात खुर्च्या पडतात आणि बोलता बोलता विषय वरच्या मजल्यावर येतो. कोळसा खाणीतली नोकरी संपली, फंडाच्या पैशातून वर दोन खोल्या चढवल्या. मुलगा कामासाठी पुण्याला गेला आणि खोल्या रिकाम्याच राहिल्या. चंद्रपूरच्या तुकूम, दुर्गापूर, बाबूपेठ अशा वस्त्यांत हे चित्र नवे नाही. खोली भाड्याने द्यायची असते, पण मालक म्हणून ही पहिलीच वेळ असते आणि मनात धाकधूक असते.

या भागात भाडेकरूंची वाण नाही. चंद्रपुरात औष्णिक वीज केंद्र, खाणी आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला आणि बदलीवर येणाऱ्या कर्मचाऱ्यांचे गाव बनला. २०११ मध्ये तिथे गोंडवाना विद्यापीठ आले, पाठोपाठ विद्यार्थी आले. शिक्षक, परिचारिका, बँकेचे कर्मचारी, पोलीस हे सगळे खोली शोधत असतात. दुर्गम भागात नेमणूक झालेला माणूस कुटुंब मात्र शहरात ठेवू पाहतो.

तरीही घरातली वडीलधारी मंडळी बजावतात, "भाडेकरू एकदा बसला की निघत नाही." ही भीती उगीच आलेली नाही. विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेश लागू होता. त्यात भाडेकरूला नोटीस देण्याआधी नियंत्रकाची परवानगी लागत असे. खोली परत मिळवण्यात वर्षे जात. ३१ मार्च २००० पासून राज्यभर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. कायदा बदलला, पण भीती घराघरांत तशीच राहिली.

या भीतीपोटी मालक दोन चुका करतो. पहिली चूक म्हणजे नको तो प्रश्न विचारणे. फोनवर आधी आडनाव विचारले जाते. आडनाव ऐकले की खोली "कालच दिली" असे उत्तर मिळते. मुस्लिम, दलित, आदिवासी कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. आज जो पहिल्यांदा मालक झाला, त्यानेही कधीतरी परक्या शहरात असेच उत्तर ऐकलेले असते. आता किल्ली त्याच्या हातात आहे. त्याने विचारायचे ते वेगळे: काम कुठे आहे, राहणार किती जण, किती दिवसांसाठी, आधीची खोली का सोडली? ओळखपत्र पाहावे, जुन्या घरमालकाशी दोन शब्द बोलावे, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी. माणूस पारखायला एवढे पुरते. आडनावावरून तो भाडे वेळेवर देईल की नाही, हे काही कळत नाही.

दुसरी चूक म्हणजे काहीच न लिहिणे. "भाऊ, लिहून कशाला? आपण काय परके आहोत?" असे म्हणून बोलीवर खोली दिली जाते. काही जण अकरा महिन्यांचा करार मुद्रांकावर लिहून नोटरी करतात आणि काम झाले असे समजतात. पण महाराष्ट्रात करार अकरा महिन्यांचा असला तरी कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय असा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते.

नोंदणीचा खर्च फार नाही. पाच हजार भाडे, पंधरा हजार अनामत आणि अकरा महिन्यांची मुदत धरली, तर ०.२५ टक्क्याने मुद्रांक शुल्क दोनशे रुपयांच्या आत बसते. शहरात नोंदणी शुल्क एक हजार रुपये आहे. आधार आणि बोटांच्या ठशांवर ही नोंदणी ऑनलाइनही होते. नोंदवलेल्या करारात मुदत संपूनही खोली सोडली नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि दुप्पट रक्कम मागता येते.

मात्र, कायद्याने मालकालाही बांधले आहे. भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडता येत नाही. घेतलेल्या पैशाची पावती द्यावीच लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, कूलर दिवसरात्र चालतो. एकाच मीटरवर दोन घरे असली की युनिट वाढतात, वरचा दर लागतो आणि भांडण तिथूनच सुरू होते. वरच्या मजल्याला वेगळे मीटर घ्यावे. पाणी कधी, किती वेळ मिळेल आणि टाकी कोणी भरायची, हेही आधीच लिहावे.

लिहून घेणे म्हणजे अविश्वास, असे अनेकांना वाटते. कुरआनातली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, असे ती सांगते. जवळच्या माणसांतही लेखी असलेले बरे, कारण माणूस विसरतो आणि विसरण्यातून संबंध तुटतात.

अनामतीचेही तसेच आहे. ती मालकाची कमाई नव्हे, भाडेकरूने त्याच्याकडे ठेवलेली अमानत आहे. बहुतेक घरांत ती सिमेंट-लोखंडात खर्च होते आणि खोली सोडताना "पुढच्या महिन्यात देतो" सुरू होते. बदली झालेली परिचारिका सामान भरून निघते तेव्हा तिला नव्या गावातल्या अनामतीसाठी तेच पैसे हवे असतात. ते बँकेत वेगळे ठेवावेत. भिंतीचे, नळाचे जे नुकसान झाले असेल ते दोघांनी मिळून पाहावे, तेवढे कापावे आणि उरलेली रक्कम त्याच दिवशी हाती द्यावी.

असा भाडेकरू जाताना स्वतःच सांगतो, "काका, माझ्या जागी येणाऱ्याला तुमचाच नंबर देऊन ठेवलाय."