संगणकातील दोषशोधन

संगणक अपेक्षेप्रमाणे काम करीनासा झाला म्हणजे त्याचे कारण शोधून ते दूर करण्याच्या क्रियेस दोषशोधन म्हणतात. दोष यंत्रसामग्रीत असू शकतो (उदा., निकामी झालेली निर्वात नलिका, सैल जोडणी), आज्ञावलीत असू शकतो किंवा दोहोंच्या परस्परसंबंधात असू शकतो. आज्ञावलीतील दोषास ‘बग’ व तो काढून टाकण्याच्या क्रियेस ‘डीबगिंग’ ही नावे रूढ आहेत. ही सर्व क्रिया एका साध्या अटीवर उभी आहे. दोन निरीक्षणांच्या दरम्यान यंत्र बदलता कामा नये आणि बदललेच, तर काय बदलले हे शोध घेणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे. पहिल्या पिढीच्या संगणकांत ही अट बहुतांशी आपोआप पाळली जाई. दूरवरून होणाऱ्या अद्ययावतीकरणामुळे, म्हणजे रूढ शब्दात अपडेटमुळे, ती पाळणे कठीण झाले आहे.

बग हा शब्द संगणकाहून जुना आहे. टॉमस आल्वा एडिसन यांच्या १८७८ मधील एका पत्रात नव्या यंत्रातील बारीकसारीक अडचणी या अर्थी तो आलेला आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्व्हर्ड विद्यापीठातील मार्क–२ या संगणकाच्या एका अभिचालित्रात (रिलेमध्ये) पतंग अडकलेला आढळला. यंत्रचालकांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने डकविला व खरोखरीचा बग प्रथमच सापडल्याची नोंद केली. ही नोंदवही अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात जतन केलेली आहे. या प्रसंगावरूनच शब्द निघाला, ही समजूत चुकीची आहे. शब्द आधी रूढ नसता, तर त्या नोंदीतील विनोद कोणास कळलाच नसता. ग्रेस हॉपर यांनी ही हकीकत सर्वत्र प्रसिद्ध केली.

प्रारंभीचे संगणक : फेब्रुवारी १९४६ मध्ये जाहीर झालेल्या एनिॲक या अमेरिकी संगणकात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या. यंत्र बंद करून पुन्हा चालू करताना नलिका तापण्या–निवण्याच्या ताणाने अधिक प्रमाणात निकामी होत, म्हणून ते शक्यतो अखंड चालू ठेवण्यात येई. त्याची मांडणी करणाऱ्या सहा स्त्रियांना (कॅथलीन मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज इ.) वापरायला कोणतीही पुस्तिका नव्हती, मंडलांच्या आराखड्यांवरून त्यांनी यंत्र समजून घेतले. त्यामुळेच उत्तर चुकले असता दोष कोणत्या नलिकेत आहे, येथपर्यंत त्या पोहोचू शकत. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील व्हर्लविंड या संगणकाच्या बाबतीत याहून पुढची युक्ती योजण्यात आली. विद्युत् दाब मुद्दाम कमी–अधिक करून दुर्बल झालेल्या नलिका कामाच्या वेळी दगा देण्यापूर्वीच उघडकीस आणीत व त्या बदलीत.

आज्ञावलीतील चुकांचे स्वरूप निराळे. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या संगणकावर पहिली आज्ञावली ६ मे १९४९ रोजी चालली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याचे जनक मॉरिस विल्क्स यांनी एका अवकल समीकरणासाठी १२६ ओळींची आज्ञावली लिहिली. तिच्या मूळ छिद्रित पट्टीचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा तीत सुमारे २० चुका आढळल्या. आपल्या उर्वरित आयुष्याचा बराचसा भाग स्वतःच्याच चुका शोधण्यात जाणार, याची जाणीव आपल्याला त्याच सुमारास झाली, असे विल्क्स यांनी आठवणींत नमूद केले आहे. यंत्र बांधणाऱ्यांना हा प्रश्न एवढा मोठा असेल, अशी कल्पना नव्हती.

प्रारंभी एडसॅकवर आज्ञा एकेक करून चालवीत आणि पडद्यावर उमटणारी स्मृतीतील टिंबे डोळ्यांनी वाचीत. या डोकावण्यात यंत्राचा मोलाचा वेळ वाया जाई, म्हणून ही रीत लवकरच निषिद्ध मानली जाऊ लागली. स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दुसरा मार्ग दाखविला. त्यात तपासणारी आज्ञावली मूळ आज्ञावलीची एकेक आज्ञा स्वतः पार पाडते आणि तिचा माग कागदावर छापीत जाते. काम मध्येच थांबल्यास स्मृतीतील मजकूर छापून काढणाऱ्या आज्ञावलीस ‘शवपरीक्षा’ असे समर्पक नाव होते. पुढे फेराइट गाभ्यांची स्मृती आल्यावर अशा छापील मजकुरास ‘कोअर डंप’ म्हणू लागले. गाभे गेले, तरी हे नाव टिकून राहिले. आज्ञावलीकार ते कागदांचे गठ्ठे घरी नेत व पेन्सिलीने खुणा करीत वाचीत. यंत्राजवळ बसून प्रयोग करण्याची मुभा नसल्यामुळे विचार आधी करावा लागे, ही त्या काळातील गैरसोयीची चांगली बाजू म्हटली पाहिजे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर्. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव देण्यात आले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या व फेराइट गाभ्यांच्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत. येथेही यंत्र बांधणारे, सांभाळणारे व वापरणारे एकाच संस्थेतील होते. कोणती जोडणी केव्हा बदलली, हे विचारायला शेजारच्या खोलीपर्यंत जाणे पुरेसे होते.

दुरुस्तीस ‘पॅच’ म्हणजे ठिगळ म्हणतात, तेही त्याच काळाचे देणे होय. छिद्रित पट्टीवरील चुकीचे छिद्र कागदाचा तुकडा चिकटवून बुजवीत किंवा पट्टीचा चुकीचा भाग कापून तेथे दुरुस्त भाग जोडीत. ठिगळ डोळ्यांना दिसे.

शोधाची रीत : मुरलेला आज्ञावलीकार बिघाडाचे वर्णन ऐकल्यावर बहुधा दोनच प्रश्न विचारतो : हे यापूर्वी नीट चालत होते काय आणि त्यानंतर काय बदलले? दोष हवा तेव्हा पुन्हा घडविता आला, तर अर्धे काम झाले. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहतात. बदल अनेक असतील, तर त्यांचे दोन भाग पाडून दोष कोणत्या भागात येतो ते पाहतात व त्या भागाचे पुन्हा दोन भाग करतात. या रीतीने १,००० बदलांतील दोषी बदल सुमारे १० चाचण्यांत हाती लागतो. अर्थात बदलांची क्रमवार नोंद असेल, तरच हे साधते.

काही दोष पाहू जाता नाहीसे होतात. जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये संगणक का थांबतात याची मीमांसा करताना अशा क्षणिक दोषांकडे लक्ष वेधले. चांगल्या तपासलेल्या आज्ञावलींत उरलेले दोष बहुधा घटनांच्या दुर्मीळ जुळणीतून उद्‌भवतात आणि नव्याने प्रारंभ केल्यावर ती जुळणी सहसा पुन्हा येत नाही. ‘बंद करून पुन्हा चालू करा’ हा सर्वत्र थट्टेचा विषय झालेला सल्ला त्यामुळे निराधार नाही. मात्र त्याने लक्षण जाते, कारण राहते आणि पुरावाही पुसला जातो.

अद्ययावतीकरण : दुरुस्ती हाच नव्या दोषाचा उगम ठरू शकतो. आयबीएम कंपनीच्या ओएस/३६० या परिचालन प्रणालीच्या अनुभवावरून फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये असे मांडले की, एक दोष काढताना दुसरा शिरण्याची शक्यता २० ते ५० टक्के असते. याचे ठळक उदाहरण १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत घडले. एटी अँड टी कंपनीच्या लांब पल्ल्याच्या दूरध्वनी जाळ्यातील ११४ केंद्रांत डिसेंबर १९८९ मध्ये सुधारित आज्ञावली बसविण्यात आली होती. सी भाषेतील एक ‘ब्रेक’ विधान तीत चुकीच्या जागी पडले होते. एक केंद्र बिघडून सावरले की, तसा संदेश ते शेजारच्या केंद्रांना पाठवी. लागोपाठचा दुसरा संदेश सेकंदाच्या शंभराव्या भागात येऊन पोहोचला, तर शेजारचे केंद्र स्वतः बंद पडे आणि सावरल्यावर तेही संदेश पाठवी. हे चक्र सुमारे ९ तास चालले. केंद्र लवकर सावरावे म्हणूनच ही सुधारणा केलेली होती, हे विशेष. सर्व केंद्रांत एकच आवृत्ती असल्यामुळे निर्दोष असे एकही केंद्र उरले नव्हते.

निदान या प्रसंगी बदल कंपनीने स्वतःच्याच यंत्रांत केला होता. वैयक्तिक संगणकांच्या बाबतीत ही स्थिती पालटली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९८ मध्ये इंटरनेटवरून दुरुस्त्या देण्याची सोय केली. ती घेणे तेव्हा वापरणाऱ्याच्या इच्छेवर होते. जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या घरगुती आवृत्तीत दुरुस्त्या आपोआप बसू लागल्या व त्या कायमच्या नाकारण्याची सोय राहिली नाही. २ ऑक्टोबर २०१८ रोजी दिलेल्या आवृत्तीमुळे काहींच्या स्वतःच्या फायली पुसल्या गेल्या आणि काही दिवसांतच तिचे वाटप थांबवावे लागले. २०१९ मध्ये घरगुती आवृत्तीतही ३५ दिवसांपर्यंत दुरुस्त्या पुढे ढकलण्याची मुभा देण्यात आली.

म्हणून प्रत्येक अद्ययावतीकरण टाळावे, असा निष्कर्ष जुनेजाणते लोक कधीकधी काढतात. तो धोक्याचा आहे. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिच्यावरील दुरुस्ती १४ मार्च रोजीच उपलब्ध झाली होती. ती न बसविलेल्या असंख्य यंत्रांना, ब्रिटनमधील रुग्णालयांतील यंत्रांसह, तडाखा बसला. जाळ्याला न जोडलेल्या एनिॲकला अशा शत्रूचे भय नव्हते. खरा प्रश्न दुरुस्ती घ्यावी की नाही हा नसून ती केव्हा घ्यावी, तिने काय बदलले आणि मागे कसे फिरावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हा आहे.

१९ जुलै २०२४ रोजीच्या घटनेने तो ऐरणीवर आणला. क्राउडस्ट्राइक या संरक्षक आज्ञावली पुरविणाऱ्या कंपनीची एक लहानशी माहिती-फाईल जगभरच्या विंडोज संगणकांत आपोआप पोहोचली. नव्या रचनेत २१ घटक अपेक्षित होते, पण प्रत्यक्षात २० च पुरविले जात होते. एकविसावा शोधताना आज्ञावली स्मृतीच्या नेमून दिलेल्या भागाबाहेर गेली व संगणक कोसळले. कंपनीने सदोष फाईल ७८ मिनिटांत मागे घेतली, परंतु मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तोपर्यंत सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते. सुरू होतानाच कोसळणाऱ्या यंत्राला दूरवरून दुरुस्ती पाठविता येईना. तंत्रज्ञांना बहुतेक यंत्रांजवळ प्रत्यक्ष जाऊन, मोजक्याच सोयींनिशी ते सुरू करून फाईल हाताने पुसावी लागली. भारतातील काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे देण्यात आली. विस्तृत मालिकेतील थोड्या यंत्रांवर बदल प्रथम करून पाहावा व मग टप्प्याटप्प्याने पुढे न्यावा, ही रीत जुनीच आहे. या प्रकारच्या फायलींना ती लावलेली नव्हती. घटनेनंतर कंपनीने त्यांचेही वाटप टप्प्यांनी करण्याचे आणि त्या केव्हा घ्याव्यात हे ठरविण्याची अधिक मुभा ग्राहकांना देण्याचे जाहीर केले.