दीडच्या बसआधी

सकाळी 9 : सौंसरकडची बस लागली की लॅबच्या खिडकीशी खोकला सुरू. संत्र्याच्या तोडीवरचे मजूर, कापूस वेचणाऱ्या बाया. मध्य प्रदेशातलं आमचं पांढुर्णा 2023 मध्ये जिल्हा झालं. कागद हिंदीत, बोलणं मराठीतच. "काकाजी, थुंकी नोका देऊ जी, खोलून खोकला, बेडका काढा." क्षयाची निम्मी तपासणी इथंच होते. डबीत नुसती लाळ आली तर क्षयाचे जंतू शोधणारं ट्रूनॅट यंत्र तरी काय शोधणार?

9.45 : अर्धा मिली बेडक्यात द्रावणाचे दोन थेंब. चिकटपणा सुटेपर्यंत थांबायचं.

10.15 : नमुना कार्ट्रिजमध्ये. वीसेक मिनिटांत डीएनए वेगळा होतो. हे काम चुंबकानंही होतं: लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण, वर सिलिकाचा थर. जंतू फोडले की क्षारांच्या द्रावणात डीएनए त्या थराला चिकटतो. बाहेरून चुंबक लावला की कण भिंतीशी जमतात, बाकीचं धुऊन जातं. क्षार काढले की डीएनए सुटतो. कण इतके बारीक, की चुंबक दूर होताच त्यांचं चुंबकत्व जातं आणि ते पुन्हा मोकळे होतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातला ट्रूनॅटचा अभ्यास 2013 मध्ये छापून आला, त्यात डीएनए काढायला ट्रूप्रेप-मॅग हे नॅनोकणांचंच उपकरण होतं, तेही बॅटरीवरचं. वीज गेली की अशा बॅटरीची किंमत कळते.

10.45 : डीएनएचे सहा मायक्रोलिटर ट्रूनॅटच्या चिपवर. पाऊणएक तास. तोवर मायक्रोस्कोपच्या काचा. तिथं जंतू दिसायला मिलीलिटरमागे पाच-दहा हजार तरी लागतात. चिपला त्याहून फार कमी पुरतात.

11.30 : एक पॉझिटिव्ह. रिफाम्पिसिन हे क्षयाचं औषध लागू पडेल का, हे त्याच डीएनएवर दुसऱ्या चिपनं बघायचं. अजून तासभर.

"मॅडम, दीडची बस हाय."

"बसा जी, चहा घ्या. त्याच्या आत सोडते."

यंत्राचा वेग मला बाकावर थांबलेल्या या माणसांसाठी हवा आहे. उद्या या म्हटलं की माणसाची रोजी बुडते, आणि बरेच जण उद्या येतच नाहीत.

12.45 : औषध लागू पडणार. डॉक्टरांची चिठ्ठी, गोळ्या, निक्षय पोर्टलवर नोंद. पोषणासाठी महिन्याला हजार रुपये मिळतात, म्हणून पासबुकही मागायचं. ते घरीच असतं, नेहमीप्रमाणे.

4 : आशाताईंना फोन. घरात पाच वर्षांखालचं लेकरू आहे का, आणखी कोण खोकतंय? उद्याच्या डब्या त्यांच्याकडे पाठवल्या.