माशाचा श्वास कल्ल्यात



भाद्रपदात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोलाम पोडावर गेलो होतो. दहाबारा वर्षांचा एक मुलगा टोपलीभर बारीक मासे घेऊन धावत आला. "भाऊ, आज जाळंच नाई लागलं! वरच तरंगत होते!" त्याच्या आईने चूल पेटवली होती. काही मासे अजून तोंडाची उघडझाप करीत होते. मी एकाचा कल्ला उचलला. लाल असायला हवा, तो फिका आणि चिकट थराने माखलेला. चौकशी केली, तेव्हा कळले की सकाळी वरच्या शेतात कपाशीवर फवारणी झाली आणि पंप नाल्यात धुतला.

बाजारात आपणही कल्ला उचलून मासा पारखतो. तो लाल रंग रक्ताचा असतो. कल्ल्यात कंगव्याच्या दातांसारखे तंतू असतात आणि तंतूंवर पापुद्र्यासारख्या बारीक पट्ट्या. त्यांची त्वचा इतकी पातळ की पाण्यातला प्राणवायू तिच्यातून रक्तात उतरतो. उन्हाळी-पावसाळी हवेत एक लिटर पाण्यात प्राणवायू जेमतेम ७ ते ८ मिलिग्रॅम असतो. म्हणून माशाला कल्ल्यांवरून सतत पाणी वाहते ठेवावे लागते. पाण्यात विष असले, तर तेही त्याच दाराने आत शिरते.

विष लागले की कल्ला स्वतःला वाचवू पाहतो. चिकट स्राव वाढतो, त्वचा सुटते, पेशी वाढून पट्ट्या जाड होतात आणि एकमेकींना चिकटतात. विषाला अडवायला उभी राहिलेली ही भिंत प्राणवायूलाही अडवते. मासा वर येऊन तोंड उघडू लागतो. रक्तातले क्षार सांभाळणे आणि अमोनिया बाहेर टाकणे हे कामही कल्ल्यांचेच, तेही बिघडते. क्लोरपायरीफॉस शिवाय मज्जातंतूंवर घाव घालते. सायपरमेथ्रिन तर अगदी थोड्या मात्रेतही माशांना मारते.

पोडावर लोक म्हणतात, "मरळ जिवंत आहे, म्हणजे पाणी चांगलं." तसे नाही. मरळ आणि मांगूर वर येऊन हवेतलाही प्राणवायू घेतात, म्हणून जास्त तग धरतात. बारीक मासळी मेली, तर पाणी बिघडले असे समजावे. पावसाळ्यातच मासे अंडी घालायला लहान नाल्यांत चढतात, आणि कपाशीची फवारणीही तेव्हाच जोरात असते. पिल्ले सर्वांत नाजूक. ती गेली की पुढच्या वर्षी जाळे रिकामे.

त्या घरात फुकटचे कालवण मिळत असताना "हे खाऊ नका" असे म्हणणे मला जड गेले. आईने काही न बोलता टोपली उचलली. आम्ही मासे खड्ड्यात पुरले. रात्री भाकरी आणि ठेचा होता. मुलगा माझ्याशी बोलला नाही.

आपल्यापैकी पुष्कळांची शेती आहे. पंप नाल्यात किंवा विहिरीजवळ धुऊ नका. धुतलेले पाणी त्याच पिकावर फवारा. पावसाची चिन्हे असतील त्या दिवशी फवारणी टाळा. रिकामे डबे नाल्यात टाकू नका, पाणी भरायला कुणाला देऊ नका. तरंगते मासे कुणालाही खाऊ देऊ नका. विष टाकून मासे धरणारा दिसला, तर त्याला थांबवा. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच तो गुन्हा ठरवला आहे.

आपल्या बांधावरून निघालेले पाणी खाली कुणाच्या तरी चुलीपर्यंत जाते.