तांब्याची कणगी

जगातले तांबे किती वर्षे पुरेल, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा धान्याची कणगी असते. उपसत गेलो की एक दिवस तळ लागायचाच! खाणीचा हिशेब मात्र वेगळा असतो.

१९७० च्या सुमारास जगात तांब्याचा साठा सुमारे २८ कोटी टन मानला जाई. त्यानंतर आपण त्याच्या दुपटीहून अधिक तांबे काढले, आणि अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचा अलीकडचा आकडा आहे ९८ कोटी टन! गोम आहे ती 'साठा' या शब्दात. जमिनीत आहे ते सगळे तांबे म्हणजे साठा नव्हे. आजच्या भावात, आजच्या यंत्रांनी काढायला परवडते तेवढेच त्यात धरतात.

अमेरिकेतील युटा राज्यात बिंगहॅम कॅन्यन ही खाण आहे. तिथल्या दगडात तांबे जेमतेम दोन टक्के. एवढ्या हलक्या प्रतीचा दगड काय परवडणार, असे जाणकार म्हणत. पण १९०६ मध्ये वाफेवर चालणारी फावडी लावून डोंगरच उघडा खणायला सुरुवात झाली, आणि ते परवडले. आज त्याच खाणीत अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेरचा दगडही चालतो.

मग काळजी कसली? पिठाच्या गिरणीत दळणावळ लागते ती पोत्याच्या वजनावर. पोत्यात निम्मे खडे असले तरी तेवढीच. तांब्याचेही तसेच. दोन टक्क्यांच्या दगडातून एक टन तांबे काढायला पन्नास टन दगड दळावा लागतो, अर्ध्या टक्क्याच्या दगडातून दोनशे टन. वीज, पाणी, मागे उरणारा गाळ, सगळे त्याच पटीत वाढते. चिलीतील एस्कोंडिडा खाण अटाकामाच्या वाळवंटात आहे. तिथे आता समुद्राचे पाणी गोडे करून तीन हजार मीटरहून उंच चढवावे लागते.

याहून कठीण पायरी पुढे आहे. येल विद्यापीठाचे ब्रायन स्किनर यांनी १९७६ मध्ये ती दाखवली. साधारण ०.१ टक्क्याखाली तांब्याचे वेगळे कणच नसतात. ते साध्या खडकाच्या खनिजांत अणुरूपाने विखुरलेले असते. मग नुसते दळून भागत नाही, सगळा खडकच रासायनिक रीतीने फोडावा लागतो, आणि ऊर्जेचा खर्च एकदम कित्येक पटींनी उडी मारतो. भूकवचात बहुतेक तांबे आहे ते असेच. त्यामुळे 'पृथ्वीत भरपूर आहे' या वाक्यावर मी फारसा विसंबत नाही.

त्या मानाने भंगारवाल्याकडची जळकी मोटार पाहा. तिच्या वेटोळ्यातली तार जवळजवळ शुद्ध तांब्याची! अडचण एवढीच, की भिंतीत गेलेली तार तीस-चाळीस वर्षे बाहेर येत नाही, आणि तोवर मागणी वाढलेली असते.