पोट तक्रार करतंय, ऐकताय ना?

सासऱ्यांना वांगं सोसत नाही, धाकट्याला दुपारी दूध नको, नवऱ्याला रात्री वाटाण्याची उसळ दिली की झोप लागत नाही. घरातल्या प्रत्येकाच्या पोटाचा हिशेब बाईला तोंडपाठ असतो. पण तिलाच विचारलं, ‘तुला काय चालत नाही गं?’ तर उत्तर ठरलेलं: ‘माझं काय, मला सगळं चालतं.’ आणि त्याच बैठकीत ती हळूच ओवा चावत असते. बचत गटाच्या बायकांमध्ये बसलं की हे हमखास दिसतं. पोट फुगणं, आंबट ढेकर, छातीत जळजळ या गोष्टी आपण बाईच्या जातीला चिकटलेल्याच आहेत असं धरून चालतो.

मैत्रिणींनो, दोष आपण वडापावला आणि हॉटेलला देतो. पण आपल्यापैकी रोज वडापाव खाणाऱ्या कितीजणी? पोटाला त्रास देणारे बरेच पदार्थ आपल्याच ओट्यावर असतात. ते वाईट नाहीत. कसे, कधी आणि किती खातो, यावर सगळं आहे.

रिकाम्यापोटी चहा

पाणी भरणं, डबे, मुलांची शाळा उरकेपर्यंत साडेदहा वाजतात. तोवर पोटात असतो फक्त चहा, तोही दोन-तीन कप. चहामुळे जठरातलं आम्ल वाढतं. शिवाय अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप काहीजणींमध्ये सैल पडते आणि आम्ल वर येऊन जळजळतं. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी कोण ऐकणार! पण आधी अर्धी भाकरी किंवा एखादं केळं पोटात जाऊ द्या. पहिली पोळी तव्यावरून उतरली की तिच्यातली अर्धी आपली, असं ठरवूनच टाका.

दूध आणि कडधान्यं

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवणारा पाचकरस लहानपणी भरपूर असतो, पुढे अनेकांमध्ये कमी होत जातो. मग ती साखर न पचता मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात. परिणाम म्हणजे गॅस, गुडगुड, कधी जुलाब. अशा बाईला ‘दूध पूर्णान्न आहे, पी’ म्हणून आग्रह करू नये. दह्यात जिवाणूंनी ही साखर थोडी आधीच फोडलेली असते, म्हणून दही-ताक बऱ्याचजणींना सोसतं. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळही आहेतच.

हरभरा, वाटाणा, राजमा, वाल यांतल्या काही साखरा तर कोणाच्याच लहान आतड्यात पचत नाहीत. म्हणून उसळीनंतर थोडा गॅस होणं नैसर्गिक आहे. कडधान्यं बंद करू नका, घरातली प्रथिनं त्यातूनच मिळतात. रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, मोड आणा, मऊ शिजवा. मोड आले की त्या साखरा कमी होतात. सुरुवात मुगापासून, तीही एका वाटीने. काहीजणींना गहू आणि कच्च्या कांद्यामुळेही असाच त्रास होतो. त्यांनी पोळीऐवजी ज्वारीची भाकरी करून पाहावी.

उपवास की दुप्पट खाशी?

दिवसभर उपाशी राहायचं आणि मग ताटभर साबुदाण्याची खिचडी! साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, चोथा नाहीच. त्यात शेंगदाण्याचं कूट, तूप, बटाटा. स्निग्ध पदार्थ पोटात जास्त वेळ रेंगाळतात, म्हणून जडपणा येतो. त्यापेक्षा ताक, फळं, राजगिरा, थोडी भगर बरी. पण भगर जुनी, ओलसर नको. तिच्यावर बुरशी धरली तर विषबाधा होते. सुटं पीठ आणण्यापेक्षा भगर निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळा.

उरलंसुरलं कोणाचं?

‘अन्न टाकवत नाही’ म्हणून रात्रीचा भात सकाळी कोण खातं, हे सांगायला नको. शिजवलेला भात तासन् तास ओट्यावर राहिला की त्यात वाढणारे काही जिवाणू असं विष तयार करतात, जे पुन्हा गरम करूनही जात नाही. फोडणीचा भात करायचाच असेल तर भात निवल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीज नसेल तर मापातच रांधा. आणि सगळ्यांचं झाल्यावर दहाला जेवून लगेच आडवं होणं थांबवा. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास हवेत.

अल्सर झाला की सगळे तिखटाला बोल लावतात. तिखटाने जळजळ वाढते खरी, पण बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात. त्या जिवाणूच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. तेव्हा गुडघे दुखले, पाळीत पोट दुखलं की रिकाम्यापोटी गोळी घेण्याची सवय सोडा. जिवाणूवर औषध आहे, ते डॉक्टरांकडूनच घ्या.

वहीतलं मागचं पान

दूधवाल्याच्या वहीचं मागचं पान घ्या. दोन आठवडे काय खाल्लं, किती वाजता, नंतर पोटाला काय वाटलं, एवढंच लिहा. संशय येईल तो एकच पदार्थ पंधरा दिवस थांबवा, मग पुन्हा थोडा खाऊन बघा. एकदम दहा पदार्थ बंद केले तर कळणार काहीच नाही आणि अशक्तपणा मात्र येईल.

आणि हे नीट वाचा. डांबरासारखी काळी शौच, रक्त पडणं, गिळायला त्रास, सारखी उलटी, कारण नसताना वजन उतरणं, यांपैकी काही असेल तर ओवा-सोडा करत बसू नका. काही आठवडे पोट सतत फुगलेलं राहिलं, दोन घासांतच भरल्यासारखं वाटलं, तर तपासणी करून घ्या. अंडाशयाच्या कॅन्सरची सुरुवात अशीही असू शकते. छातीत दाब, दम लागणं, घाम, जबडा, पाठ किंवा हात दुखणं, हा ‘गॅस’ नसून हृदयविकाराचा झटका असू शकतो. बायकांमध्ये तो पुष्कळदा मळमळ आणि थकव्याच्या रूपाने येतो. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नाही, पोळ्या उरकायच्या नाहीत. थेट १०८ ला फोन करायचा.