ऑफिससाठी स्विच घेताय? पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

आज आधी माझी चूक सांगतो.

पुण्यात माझ्या एका मित्राचं छोटं सीए ऑफिस आहे. नेटवर्क मी लावून दिलं आणि बजेट कमी म्हणून सगळ्यात साधा, स्वस्त स्विच घेतला. मग एका महिन्याच्या 19 तारखेला संध्याकाळी त्याचा फोन, “अरे, काहीच उघडत नाहीये!” दुसऱ्या दिवशी जीएसटी रिटर्नची शेवटची तारीख.

झालं होतं काय, तर टेबलं हलवताना कुणाला तरी एक केबल सुटी पडलेली दिसली आणि त्याने ती नीट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावून टाकली. तिचं दुसरं टोक आधीच स्विचमध्ये होतं. म्हणजे स्विचची वायर फिरून त्याच स्विचमध्ये! याला लूप म्हणतात. तोच डेटा गोल गोल फिरत राहतो आणि सगळं नेटवर्क तुंबतं. एकेक वायर काढून बघत बसलो, दोन तास गेले. रिटर्न कसेबसे भरले गेले.

तेव्हापासून माझा हिशोब असा.

आधी पोर्ट मोजा. तिथे 10 कॉम्प्युटर, 2 प्रिंटर, 1 सर्व्हर, 1 राउटर, 4 कॅमेरे आणि 1 वाय-फाय ॲक्सेस पॉइंट, म्हणजे एकूण 19. थोडे पोर्ट रिकामे ठेवाच.

दुसरं, गिगाबिटच घ्या. “आमचं इंटरनेट तर 100 एमबीपीएसचंच आहे,” असं लोक म्हणतात. पण सर्व्हरवरच्या फाइल इंटरनेटवरून येत नाहीत, स्विचमधूनच येतात. 10 जीबीचा बॅकअप 100 च्या स्विचवर किमान 13 मिनिटं घेतो, गिगाबिटवर दीडेक मिनिट. फक्त केबलच्या आठही तारा जोडलेल्या हव्यात.

तिसरं, पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज. ती फक्त कॅमेरे आणि ॲक्सेस पॉइंटला लागते. मग 24 पोर्टचा महागडा पीओई स्विच कशाला? साधा 24 पोर्टचा घ्या आणि जोडीला 8 पोर्टचा छोटा पीओई. मात्र त्याचे एकूण वॉट बघा. 7 वॉटचे 4 कॅमेरे आणि 13 वॉटचा ॲक्सेस पॉइंट म्हणजे 41 वॉट. 60 वॉटचा स्विच आरामात पुरतो.

आणि जिथे मी चुकलो ते. मुख्य स्विच स्मार्ट मॅनेज्ड घ्या. त्यात लूप ओळखून तो पोर्ट बंद करायची सोय असते. पाहुण्यांचं वाय-फायही ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवता येतं. पण घेऊन नुसता लावू नका! सेटिंगमध्ये जाऊन लूप प्रोटेक्शन चालू आहे ना, ते बघा आणि पासवर्ड बदला.

मित्राकडे आता हीच जोडी आहे. वाचवलेले पैसे मी पीओईत वाचवले, मुख्य स्विचमध्ये नाही.

तुमच्या ऑफिसचे पोर्ट आजच मोजून ठेवा. भेटूया पुढच्या भागात!