ताण सांगणारी पारदर्शक पट्टी

गुळाच्या बाजारात आपण इलेक्ट्रॉनिक काटा पाहतो. त्याच्या पोटात धातूची एक बारीक जाळी चिकटविलेली असते. वजन पडले की ती किंचित ताणली जाते. ताणलेली तार लांब आणि बारीक होते, त्यामुळे विजेस वाट अरुंद पडते व रोध वाढतो. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन, यांनी हे १८५६ साली दाखविले.

हीच युक्ती माणसाच्या अंगावर का वापरू नये? अर्धांगवायूच्या रुग्णाचे बोट आज किती वाकले, कालच्यापेक्षा जास्त की कमी, हे आकड्यात कळले तर व्यायामाचा उपयोग होतो की नाही तेही कळेल. शिवाय पट्टी पारदर्शक असेल तर खालची कातडी दिसते आणि रुग्णाला चारचौघांत संकोच वाटत नाही. ही दुसरी गोष्ट आम्हास लहान वाटत नाही.

अडचण ताणाची आहे. सांध्यावरची कातडी सहज तीस टक्के ताणते. धातूची पट्टी तेवढे सोसत नाही. मोबाईलच्या पडद्यावरील इंडियम-टिन ऑक्साइडचा थर पारदर्शक व विद्युतवाहक असला तरी दोन-तीन टक्क्यांतच पापडासारखा तडकतो.

पारदर्शक वाहक थर कोल्हापूरला नवे नाहीत. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात क्षारांचे द्रावण तापलेल्या काचेवर फवारून असे थर बनविले जातात. या पद्धतीवर तेथील डॉ. पी. एस. पाटील यांचा विस्तृत आढावा १९९९ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. महागड्या निर्वात यंत्रावाचून काम होते, हे तिचे मोठेपण.

पण रबर एवढी उष्णता सोसणार नाही. म्हणून संशोधक चांदीकडे वळले. केसाच्या हजाराव्या भागाइतक्या जाडीच्या चांदीच्या तारा द्रावणात वाढवून सिलिकॉन रबरावर विरळ पसरतात. मधल्या फटींतून प्रकाश जातो, तारांच्या जाळ्यातून वीज. रबर ताणले की तारा एकमेकींवरून सरकतात, काही जोड सुटतात, रोध वाढतो. सोडले की बहुतांशी पूर्ववत. बहुतांशीच, कारण हजारो वेळा ताणल्यावर आकडा थोडा सरकतो. हुपरीचे पैंजण काळे पडतात तशी ही चांदीही हवेतील गंधकाने व घामाने बिघडते, म्हणून वरून आणखी एक रबराचा थर द्यावा लागतो.